आजीचा एक धड फोटो

हे गिऱ्हाईक मी आता लांबून ओळखतो. दोघं येतात, बहुतेक वेळा मुलगा आणि जावई. मुलाने डोकं नुकतंच भादरलेलं, हातात मोबाइल. मोबाइलमध्ये कुठल्याशा लग्नातला पंगतीचा फोटो आणि त्यात कडेला बसलेली आई. "एवढं तोंड तेवढं मोठं करून द्या, परवा तेरावं आहे." मी देतो करून. शेजारणीचा खांदा पुसतो, मागची मांडवाची झालर घालवतो, धूसर चेहरा जमेल तेवढा वर आणतो. पैसेही घेतो. पण पंचाहत्तर वर्षं जगलेल्या बाईचा तिच्या एकटीचा, मुद्दाम बसवून काढलेला एकही फोटो घरात नसावा, ह्याची चुटपुट दर वेळी लागते.

आमच्याकडेही दिव्याखाली अंधारच. तालुक्याच्या गावात बावीस वर्षं स्टुडिओ चालवतोय, आणि भिंतीवरचा वडिलांचा फोटो चुलतभावाच्या साखरपुड्यातून कापून काढलेला. त्यांच्या खांद्यावरचा कुणाचा तरी हात मीच पुसला. नीट पाहिलं तर सदऱ्याची ती जागा अजून सपाट दिसते.

त्यामुळे नवा कॅमेरा घेतलेली पोरं "दादा, पोर्ट्रेट कसं शिकू?" विचारत आली की मी त्यांना मॉडेल शोधायला सांगत नाही. घरी जा, आजीचा किंवा आजोबांचा एक धड फोटो काढून आण, म्हणतो. त्यांना जे सांगतो तेच इथे जरा सविस्तर लिहिलंय.

कॅमेरा कुठलाही चालेल, लेन्स बघू

बॉडीवर, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यावर, फार वेळ घालवू नका. दहा वर्षांपूर्वीचा सेकंडहँड डीएसएलआरही भिंतीवर लावायच्या फोटोला पुरून उरतो. हिशोब साधा आहे : ८ बाय १० इंचाचा प्रिंट ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) काढायचा तर २४०० बाय ३००० पिक्सेल लागतात, म्हणजे ७२ लाख. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख, तेव्हा कॅमेरा १८ किंवा २४ मेगापिक्सेलचा असला की झालं.

कॅमेऱ्याबरोबर येते ती १८-५५ एमएमची किट लेन्स (आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं). ती टाकाऊ नाही. ५५ एमएमवर न्या, अपर्चर म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक एफ/५.६ ठेवा (एफचा आकडा लहान तेवढं भोक मोठं), खिडकीजवळ बसवा, फोटो चांगला येतो. पुढे पैसे साठले की पहिली खरेदी ५० एमएम एफ/१.८. कॅनन, निकॉन, सोनी तिघांचीही आहे आणि त्यांच्या बाकीच्या लेन्सांच्या मानाने स्वस्त आहे. छोट्या सेन्सरच्या (सेन्सर म्हणजे उजेड टिपणारा भाग) म्हणजे एपीएस-सी बॉडीवर ती मोठ्या सेन्सरच्या म्हणजे फुल फ्रेमच्या ७५-८० एमएमसारखी वागते आणि चेहऱ्याला हे माप छान बसतं.

सेकंडहँड घेणार असाल तर मुंबईत बोरा बाजार आहेच, पण कुठेही घ्या, दोन गोष्टी तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. लेन्सच्या एका बाजूने मोबाइलचा टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. विकणारा "पुसली की जाते" म्हणेल. आतल्या काचेवरची अशी पुसून जात नाही. दुसरं, एफ/१६ ठेवून पांढऱ्या भिंतीचा किंवा आभाळाचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांसारखी दिसते. धूळ साफ होते, त्यामुळे त्यावर भाव पाडा. बुरशी असेल तर उठून या.

बुरशीवरून आठवलं. कोकणात, मुंबईत किंवा घाटमाथ्यावर राहत असाल तर पावसाळ्याचे चार महिने कॅमेरा बॅगेत ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. रंग बदलणारं जेल मिळतं, ते ओलं झालं की कळतं. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, तांदळाची पिठूळ धूळ लेन्सच्या रिंगमध्ये जाते.

आणि फक्त मोबाइल असेल तर? तरीही काढा, पण तीन गोष्टी पाळा. २एक्स किंवा ३एक्सची लेन्स वापरा आणि मागे सरका. ब्यूटी बंद करा, ती सुरकुत्या खाते आणि आजी मेणाची दिसते. पोर्ट्रेट मोडही बंद ठेवा, कारण कानाजवळच्या विरळ पांढऱ्या केसांची कड त्याला नीट कळत नाही आणि तो केस कापून टाकतो.

किती लांब उभं राहायचं

नवीन माणूस जवळ जातो. प्रेमापोटी जातो, पण नाक मोठं येतं. नाकाचं टोक आणि कान ह्यांत साधारण बारा सेंटिमीटरचं अंतर धरा. तुम्ही अर्ध्या मीटरवर उभे असाल तर नाक ५० सेंटिमीटरवर आणि कान ६२वर, म्हणजे नाक कानाच्या मानाने जवळजवळ पाव पटीने मोठं दिसणार. दोन मीटरवर गेलात तर २०० आणि २१२, हा फरक डोळ्याला कळतही नाही. हे लेन्समुळे होत नाही, अंतरामुळे होतं. म्हणून आधी दीड ते दोन मीटरवर पाय रोवा आणि मग चेहरा किती मोठा हवा ते लेन्सने ठरवा.

उंचीही बघा. उभ्याने फोटो काढलात तर आजी अपराधी असल्यासारखी खालून वर बघते. ती पाटावर बसली असेल तर तुम्ही जमिनीवर बसा. लेन्स तिच्या डोळ्यांच्या रेषेत किंवा दोन बोटं खाली.

उजेड

खरी मेहनत इथे आहे, तेव्हा इथे जरा रेंगाळतो.

घरातले सगळे दिवे बंद करा. ट्यूब, एलईडी, देवघरातला लाल बल्ब, टीव्हीसुद्धा. खिडकीचा उजेड एका रंगाचा, बल्बचा दुसऱ्या. दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले की एक गाल निळसर आणि एक पिवळा येतो, आणि ते सॉफ्टवेअरमध्ये निस्तरताना नाकीनऊ येतात. शिवाय आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. डोळ्याला दिसत नाही, पण शटर वेगात असलं की फोटोत आडवे पट्टे येतात.

आता ऊन थेट आत येत नसलेली खिडकी किंवा दार शोधा. जुन्या घरांना ओसरी किंवा पडवी असेल तर तुम्ही नशीबवान आहात, वरून छप्पर आणि समोरून मोकळं आभाळ, इतका चांगला लाइट माझ्या स्टुडिओतही नाही. आजीला दारापासून दोन-तीन फूट आत बसवा. खिडकी तिच्या अगदी बाजूला नको, तशाने प्रत्येक सुरकुतीची सावली पडते आणि चेहरा नांगरलेल्या शेतासारखा दिसतो. अगदी समोरही नको, चेहरा भाकरीसारखा सपाट येतो. मध्ये, साधारण पंचेचाळीस अंशांवर. मग तिचा चेहरा हळूहळू खिडकीकडे वळवा आणि लांबच्या गालाकडे लक्ष ठेवा. एका क्षणी त्या गालावर, डोळ्याखाली, उजेडाचा छोटा त्रिकोण उमटतो. डचांचा चित्रकार रेम्ब्रांट ह्याच्या नावाने हा लाइट ओळखला जातो. तिथे थांबा. डोळ्यांत खिडकीचा पांढरा ठिपका दिसतोय का बघा. तो नसेल तर डोळा विझल्यासारखा वाटतो.

सावलीची बाजू फारच काळी वाटली तर त्या बाजूला पांढरं बेडशीट किंवा धुतलेलं धोतर घेऊन नातवाला उभं करा. बाजारातला रिफ्लेक्टर हेच काम करतो. मी सुरुवातीला स्टीलची परात लावून पाहिली होती. आजोबांच्या गालावर परातीचा गोल चकाकता डाग उमटला आणि ते वर "डोळ्यांत काय मारतोस रे" म्हणून ओरडले.

भिंतीचा रंगही उजेडाबरोबर चेहऱ्यावर येतो. आपल्याकडच्या घरांत पोपटी, गुलाबी, आकाशी ऑइलपेंट असतो. पोपटी भिंतीला टेकून बसलेली आजी आजारी दिसते. भिंतीपासून तीन-चार फूट पुढे आणा. अंगणावर निळी ताडपत्री ताणली असेल तर तिच्याखाली काढूच नका, तो निळा रंग कुठल्याही सॉफ्टवेअरने धड जात नाही.

भर दुपारी अंगणात तर नकोच. मे महिन्याच्या मध्याला पुणे-मुंबईच्या पट्ट्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सरळ उभ्या काठीची सावलीही पडत नाही. त्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्यही पुण्यात पन्नास अंशांच्या आतच राहतो, तेव्हा काम थोडं सोपं जातं. तरी सकाळी नऊच्या आसपास किंवा दुपारची झोप आणि चहा झाल्यावर, ही वेळ उत्तम. उजेडही मऊ आणि माणूसही ताजं.

समईच्या उजेडात फोटो काढायचा मोह प्रत्येकाला होतो. सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या बाईचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, त्याची छापील प्रत कुठे ना कुठे पाहिली असेल. ज्योत दिसतच नाही, तळहाताने झाकलेली आहे, आणि उजेड बोटांच्या कडा तांबूस करून चेहऱ्यावर चढतो. ज्योत उघडी असती तर सगळं लक्ष तिनेच खाल्लं असतं. तेव्हा समईचा फोटो काढायचाच तर ज्योत हाताच्या आड जाऊ द्या. पण तो दुसरा-तिसरा फोटो. पहिला खिडकीतच.

आकडे

खिडकीचा उजेड दहा-पंधरा मिनिटं तरी फारसा बदलत नाही, म्हणून कॅमेरा सरळ मॅन्युअलवर टाका, म्हणजे सगळे आकडे तुम्हीच ठरवायचे, घाबरू नका. अपर्चर एफ/३.२, शटर (उजेड आत घ्यायचा वेळ) १/२०० सेकंद, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) ८००. एक फोटो काढा, चेहरा काळा आला तर आयएसओ १६०० करा, उजळ आला तर ४००. शटर १/१२५च्या खाली नेऊ नका, म्हाताऱ्या माणसाचे हात आणि मान किंचित हलतच असतात. किट लेन्सवर एफ/५.६ ठेवावं लागेल, मग आयएसओ आणखी चढेल. चढू द्या. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

एफ/१.८ची लेन्स आणली म्हणून एफ/१.८वरच काढायचं, असा सगळ्यांचा समज असतो. एपीएस-सीवर ५० एमएमने दीड मीटरवरून एफ/१.८ ठेवलं तर जेमतेम सहा सेंटिमीटरची पट्टी स्पष्ट येते. एक डोळा शार्प, दुसरा धुक्यात. एफ/४ला तीच पट्टी तेरा-चौदा सेंटिमीटरची होते आणि नाकापासून कानापर्यंत बहुतेक चेहरा तिच्यात मावतो. फोकस मात्र कायम जवळच्या डोळ्यावर. कॅमेऱ्यात डोळा ओळखायची सोय असेल तर ती चालू करा, नसेल तर फोकसचा एकच ठिपका निवडून डोळ्यावर ठेवा.

मॅन्युअल का, तर आपल्या माणसांचे कपडे. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर जे समोर येईल ते मध्यम करड्या रंगाचं धरून चालतो. आजोबा पांढरा सदरा, पांढरी टोपी, पांढऱ्या भिंतीपुढे. कॅमेऱ्याला वाटतं फार उजेड आहे, तो सगळंच काळवंडून टाकतो. आजी गडद नऊवारीत, काळ्या दारापुढे. तो उलटं करतो आणि चेहरा पिठासारखा पांढरा येतो. चेहऱ्याकडे बघून तुम्ही ठरवलेलं बरं. टोपी जरा मागे सरकवायला सांगा, नाहीतर तिची सावली थेट डोळ्यांवर पडते.

चष्मा काढायला लावू नका. नाकावर खुणा असतात, डोळे परके वाटतात, आणि नातवंडांनी आजोबांना चष्म्याशिवाय पाहिलेलंच नसतं. काचेत खिडकी दिसत असेल तर चष्म्याच्या दोन्ही काड्या कानावरून बोटभर वर उचला. काचा थोड्या खाली झुकतात आणि चकाकी जाते. समोरून कळतही नाही.

बसवणं आणि बोलणं

"स्माइल" म्हणू नका. म्हातारी माणसं एक तर ताठ होतात, नाहीतर कवळी नाही म्हणून तोंड मिटून घेतात. कवळी घालायची आठवण आधीच करा, हळूच, चारचौघांत नको. पदर, कुंकू, नथ, जे घालायचं ते तिच्या मनाने. सुनेने कपाटातून काढलेली नवी साडी फुगून बसते. रोजची धुतलेली जास्त शोभते.

हातांचं काय करायचं हा खरा प्रश्न, आणि त्याचं सोपं उत्तर म्हणजे हातांना काम द्या. वाती वळायला, शेंगा सोलायला, अडकित्ता आणि सुपारी. आमच्या शेजारच्या एक आजी कॅमेरा दिसला की पाय दुखतो म्हणून आत जायच्या. एकदा त्यांच्यापुढे कापूस ठेवला आणि मी बाजूला बसून विचारलं, की तुमच्या माहेरी विहीर कुठल्या बाजूला होती. त्या वाती वळता वळता सांगत राहिल्या. विहीर, रहाट, रहाटाचा आवाज, धाकटा भाऊ. मांडीवर कापसावरून बोटं फिरायची आणि भावाचं नाव आलं की थांबायची. त्या थांबण्यावर मी बटण दाबत होतो. दोनशे फोटो काढले असतील, घरच्यांनी ठेवला तो एकशेचाळिसाव्याच्या पुढचा कुठला तरी.

तेव्हा सांगायचं हे की पहिले पन्नास फोटो फुकट जाणार असं धरूनच चला. ऐकू कमी येत असेल तर त्यांच्या ओळखीच्या एका माणसाला तुमच्या खांद्यामागे उभं करून बोलतं ठेवा, नजर आपोआप लेन्सजवळ येते. वीस मिनिटांच्या वर बसवू नका.

सॉफ्टवेअर

फोटो काढायला बसण्याआधीच कॅमेऱ्यात रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने न घोटलेली कच्ची फाइल, चालू केलेलं हवं. जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये, प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. आजोबांची टोपी पांढरीफटक झाली असेल तर जेपेगमध्ये ती गेली ती गेलीच; रॉमध्ये बऱ्याचदा तिच्या घड्या परत येतात.

सुरुवातीला काहीही विकत घेऊ नका. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, सोनीचं इमेजिंग एज ही त्या त्या कॅमेऱ्यासाठी फुकट मिळतात, आणि रंग कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसतात तसेच दाखवतात. त्यांत हात बसला की डार्कटेबल बघा, तेही फुकट. पहिले आठ दिवस डोकं खाईल, इतकी बटणं आहेत. लाइटरूमला महिन्याचे पैसे भरावे लागतात. मी भरतो, कारण लग्नसराईत हजारो फोटो निवडायचे असतात. घरच्या पाच फोटोंसाठी त्याची गरज नाही. क्रॅक केलेलं तर घेऊच नका. एका पोराच्या कॉम्प्युटरमध्ये असल्याच फाइलबरोबर व्हायरस आला आणि बहिणीच्या डोहाळजेवणाचे सगळे फोटो गेले. मोबाइलवर स्नॅपसीड पुरे.

क्रम मी असा ठेवतो : आधी कातरणं, मग व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं असा रंगांचा तोल), मग उजेड, मग पांढऱ्या कपड्यांसाठी हायलाइट (सगळ्यात उजळ भाग) खाली, सावल्या किंचित वर. व्हाइट बॅलन्स लावताना पांढऱ्या केसांकडे बघा, ते निळे दिसायला नकोत. कुंकू फार भडक होऊन सपाट लाल ठिपका झाला असेल तर फक्त लाल रंगाचं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) थोडं उतरवा, त्याचा खरबरीतपणा परत दिसतो. डोळ्यांवर ब्रशने अगदी जरासा उजेड. बस्स.

त्वचा "क्लीन" करण्याबाबत माझा एकच नियम आहे. दोन आठवड्यांनी आपोआप जाणारी गोष्ट पुसायची : डास चावलेला, दाढी करताना कापलेलं, पुटकुळी. राहणारी गोष्ट ठेवायची. तीळ, व्रण, कपाळावरचं गोंदण, सुरकुत्या. एका मुलाने आजीच्या हनुवटीवरचं गोंदण डाग समजून पुसलं होतं. फोटो घरी गेला आणि आजीने तो उलटा करून ठेवला.

एआयने जुना धूसर फोटो शार्प करून देणारी ॲप्स आली आहेत. त्यांच्याबद्दल सावध राहा. चेहरा लहान असला की ती ॲप्स नसलेले डोळे स्वतःच रचून बसवतात. परक्याला फोटो झकास दिसतो, घरचा माणूस म्हणतो, "ही आमची आई नाही." हे मी काउंटरवर ऐकलंय.

प्रिंट आणि फ्रेम

फाइल लॅबला पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका. नेहमीच्या सेटिंगला तो लांब बाजूला सुमारे १६०० पिक्सेलपर्यंत आकसतो, म्हणजे ३०० डीपीआयने सव्वापाच इंच. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्ह न्या. माप आधीच ठरवा : कॅमेऱ्याचा फोटो ३:२ असतो, तो ८ बाय १२ किंवा १२ बाय १८मध्ये पूर्ण बसतो, ८ बाय १० किंवा १२ बाय १५ सांगितलं तर लांबीतून कापला जातो. काढतानाच डोक्यावर थोडी जागा सोडली असेल तर अंबाडा वाचतो.

कागद मॅट घ्या. चकचकीत कागदावर समोरची ट्यूब दिसते, चेहरा दिसत नाही. आधी एक छोटा, ४ बाय ६चा प्रिंट काढून आजीला दाखवा. मोबाइलवर तिला धड दिसत नाही, हातात कागद घेऊन ती खिडकीशी जाऊन बघेल, आणि "ह्यात पदर नीट नाही, दुसरा काढ" म्हणाली तर निमूटपणे दुसरा काढा.

फ्रेमवाल्याला माउंट घालायला सांगा, म्हणजे काच आणि फोटो ह्यांच्यात जाड पुठ्ठ्याची चौकट. पाच-पन्नास रुपये वाचवायला तो काच थेट फोटोवर बसवतो. दोन-तीन पावसाळ्यांत ओलीने फोटो काचेला चिकटतो आणि सोलताना चेहऱ्यासकट निघतो. असे चिकटलेले फोटो घेऊनही लोक माझ्याकडे येतात; तेव्हा मी काचेसकटच त्याचा फोटो काढून घेतो, कारण दुसरं काही करता येत नाही.